पहिल्या लाइनीतली रुखमाबाई

झाडीपट्टीत ज्या गावी नाटक असतं, त्या गावी त्या दिवशी नुसतं नाटक नसतं. सकाळी शंकरपटाच्या बैलजोड्या धावतात, दुपारी पाहुणे येतात, संध्याकाळी पाहुण्यांचे पाहुणे येतात आणि रात्री जेवणं आटोपून सगळे मांडवात जाऊन बसतात. सगळे म्हणजे पुरुष, पोरं आणि ज्यांना अचानक कंबरदुखी झाली आहे अशा बायका. धडधाकट बायका चुलीपाशी असतात.

जांभुळटोल्याच्या रुखमाबाई मोहुर्ले आयुष्यभर धडधाकट होत्या. त्यांचं घर मांडवापासून हाकेवर, त्यामुळे पाहुण्यांना तेच सोयीचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी एकही नाटक सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं नव्हतं. कधी नांदी झाली की भाजी ढवळायला परत. कधी पहाटे चहाची किटली घेऊन मांडवात पोचाव्यात, तर स्टेजवर पोलीस एका माणसाला बेड्या घालून नेत असायचे.

"काऊन नेऊन राह्यले जी त्याले?" त्या नवऱ्याला विचारायच्या.

"लंबी कहानी हाय. घरी सांगतो," वारलूभाऊ म्हणायचे आणि घरी येऊन झोपायचे. अशी कितीतरी माणसं रुखमाबाईंच्या डोळ्यांदेखत तुरुंगात गेली. एकाचाही गुन्हा त्यांना कळला नाही.

यंदा लग्नाला चाळीस वर्षं होत होती. सून मयुरी सासऱ्याला म्हणाली, "बाबा, आईले सरप्राईज द्या."

"म्हणजे काय द्यायचं?"

"द्यायचं काईच नाई. सांगायचं नाई न बाहेर न्यायचं. कुरखेड्याच्या हॉटेलात न्या."

वारलूभाऊंनी विचार केला. रुखमाबाईंना एकदा हॉटेलात नेलं होतं. वरण खाऊन त्या थेट आत गेल्या होत्या आणि आचाऱ्याला हिंग कधी टाकायचा ते सांगून आल्या होत्या. तो काही आनंदाचा मार्ग नव्हे. मग रात्री माच्यावर पडल्यापडल्या त्यांना सुचलं, आणि सुचलं तसे ते उठून बसले. नाटक! दुसऱ्या गावचं. पहिल्या लाइनीत, खुर्चीवर, नांदीपासून ते पोलीस येईपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून वारलूभाऊ गावातून असे चालू लागले, की लोकांना वाटलं, म्हातारा जिल्हा परिषदेला उभा राहतोय. पानठेल्यावर ते विनाकारण हसत. कोणी विचारलं तर "काई नाई" म्हणत, आणि "काई नाई" इतक्या अभिमानाने आजवर कोणी म्हटलं नसेल.

अडचण एकच होती. ज्या गावी जायचं तिथे एकही नातेवाईक नको. नातेवाईक निघाला की घरी नेणार, आणि घरी नेलं की रुखमाबाई पाहुणी म्हणून जरा वेळ बसणार आणि पदर खोचून पोळ्या लाटायला लागणार. पण झाडीपट्टीत नातेवाईक नसलेलं गाव शोधणं वाघ शोधण्यापेक्षा कठीण. वाघ निदान रस्ता ओलांडताना दिसतो. आठवून आठवून अखेर खैरबोडी हे गाव सापडलं. तिथे वारलूभाऊंचा ना मामा, ना चुलतभाऊ, ना भाच्याचं सासर. त्यांनी गुपचूप पहिल्या लाइनीच्या दोन खुर्च्या सांगून ठेवल्या.

आता रुखमाबाईंना घराबाहेर काढायचं. फिरायला चल म्हटलं तर त्या येणार नाहीत, देवाला म्हटलं तर शेजारणींना घेऊन येतील. एकाच कामाला त्या कधी नाही म्हणत नसत.

"खैरबोडीले माहा शाळेतला दोस्त वारला," वारलूभाऊ तोंड पाडून म्हणाले. "रात्री भजन हाय त्याच्या घरी. जाऊन बसा लागते."

"अरे देवा! नाव काय होतं जी?"

हा प्रश्न योजनेत नव्हता. "नाव... लच्छू."

"कधी बोलले नाई लच्छूबद्दल."

"दुःखच इतकं होतं त्याचं," वारलूभाऊ म्हणाले.

दुपारी घात होता होता राहिला. नाटक कंपनीची जाहिरातीची गाडी भोंगा लावून जांभुळटोल्यातून गेली. "आज रात्री! खैरबोडीच्या भव्य रंगमंचावर! 'भाकर कोणाची? अर्थात जावेनं विझवली चूल'! विसरू नका!" वारलूभाऊ बैलाच्या मागे जाऊन उभे राहिले.

रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला. "गावात मयत न हे लोक नाटक करून राह्यले! लाज नाई वाटत?"

"लच्छू खालच्या टोलीवर राहे," वारलूभाऊ बैलामागून म्हणाले. "वरच्या टोलीले खबर नसन."

सांजेला रुखमाबाईंनी मयतीला नेसायची ती विटकी साडी नेसली. मयुरीने त्यांच्या पिशवीत तळाला टसरची साडी घातली, वर डबा ठेवला आणि सासूला निरोप देताना तोंडाला पदर लावला. सुनेला लच्छूसाठी एवढं वाईट वाटलेलं पाहून रुखमाबाईंना भरून आलं. वारलूभाऊंनी लेकाची मोटारसायकल काढली. माघ सरत आला होता, वाऱ्याला अजून धार होती. वाटेत रुखमाबाई मागे बसून लच्छूच्या बायकोचं कसं होईल याची काळजी करत होत्या, आणि वारलूभाऊ पुढे बसून हसू दाबत होते. त्यांचे खांदे हलताना पाहून रुखमाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नोका जी. गाडी सांभाळा."

खैरबोडीत गाडी खालच्या टोलीला न वळता थेट मांडवापुढे थांबली. लाल-पिवळे दिवे, आलुबोंड्याची कढई, हिरव्या जाळीचा मांडव आणि दारावर जावेचं आणि विझलेल्या चुलीचं मोठं पोस्टर.

"लच्छूचं घर?" रुखमाबाईंनी विचारलं.

"लच्छू-बिच्छू कोणी नाई," वारलूभाऊ म्हणाले. एवढ्या दिवसांचं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. "आज आपल्या लग्नाचा वाढदिवस हाय. नाटक पाह्याचं हाय तुले. पुरं! पहिल्या लाइनीत! हे सरप्राईज हाय."

रुखमाबाई पोस्टरकडे बघत राहिल्या. मग नवऱ्याकडे. "एका चांगल्या माणसाले मारलं तुम्ही यासाठी?"

"तो होताच कुठी?"

"मी सारा रस्ता रडली न त्याच्यासाठी!" असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि अशा हसल्या की आलुबोंडेवाल्याने झारा थांबवून पाहिलं. मग एकदम गंभीर झाल्या. "पुरं म्हणता? मधला अंकही?"

"मधलाही."

साडी बदलायला कंपनीतल्या बायकांनी त्यांना पडद्यामागे घेतलं. नाटकातल्या दुष्ट जावेने, अर्धा चेहरा रंगवलेला असताना, स्वतः त्यांच्या निऱ्या नीट करून दिल्या. टसर नेसून रुखमाबाई बाहेर आल्या आणि पहिल्या लाइनीत खुर्चीच्या मधोमध बसल्या. आधी हात मांडीवर ठेवले. मग खुर्चीला हात असतात हे लक्षात येऊन त्यांच्यावर ठेवले. वारलूभाऊंना ते पाहून वाटलं, आता हे सगळ्या खैरबोडीला कळायला पाहिजे. माणसाने एवढ्यावर थांबावं, पण अभिमान माणसाला बसू देत नाही.

ते उठून स्टेजच्या बाजूला गेले. तिथे माइकवर जगदाळे गुरुजी होते. गुरुजी सातारकडचे; बदली होऊन या भागात येऊन त्यांचं पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं. माणूस सज्जन, आवाज भरदार, म्हणून गावाने माइक त्यांच्याकडे दिलेला. मागे ऑर्गनवाला स्वर लावत होता, तबलजी तबला ठोकत होता.

"गुरुजी, एक अलाउन्स करा जी," वारलूभाऊ त्यांच्या कानाशी ओरडले. "वारलू मोहुर्ले, जांभुळटोला. चाळीस वर्षं झाले."

"वारले?" गुरुजींचा चेहरा पडला. "मोहुर्ले? चाळीस? फार लवकर झालं हो."

"आमच्याकडं लवकरच होत होतं जी," वारलूभाऊ लाजून म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली. "मागे कोण आहे?"

वारलूभाऊंनी वळून पाहिलं. "मागं नाई, समोर हाय. बायको. पहिल्या लाइनीत बसली हाय."

"धीराची बाई आहे."

"हो जी. लय!" वारलूभाऊ म्हणाले, आणि तृप्त होऊन आपल्या खुर्चीवर येऊन बसले. गुरुजी माणूस ओळखतात, असं त्यांचं मत झालं.

थोड्या वेळाने माइक खरखरला. "नाट्यरसिकहो, नाटकाला सुरुवात करण्यापूर्वी एक दुःखद वार्ता. जांभुळटोला येथील मोहुर्ले वारले. वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी. त्यांच्या पत्नी आपलं दुःख बाजूला ठेवून आज पहिल्या रांगेत उपस्थित आहेत. आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्ध राहावं."

सगळा मांडव उभा राहिला. वारलूभाऊही उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी छातीशी धरली. जांभुळटोल्यात मोहुर्ल्यांची चार-पाच घरं. त्यांनी मनातल्या मनात प्रत्येक दारात डोकावून पाहिलं. सकाळी तर सगळे ठणठणीत होते.

"कोण गेलं वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही," रुखमाबाई म्हणाल्या.

मागच्या लाइनीत कुजबूज सुरू झाली होती. एक बाई दुसरीला सांगत होती, "पाह्य माय, नवरा मेला न टसर नेसून नाटक पाहाले आली." दुसरी म्हणाली, "बाजूले एक म्हाताराही बसवला हाय." आणि दोन मिनिटं पुरी व्हायच्या आत, "अवं माय रुखमे!" असा टाहो फोडत एक बाई गर्दी कापत पुढे आली. ती गुणाबाई, रुखमाबाईंच्या मावशीच्या जावेची लेक. राहणार खैरबोडी, मांडवाच्या मागचंच घर. वारलूभाऊंनी नातेवाईक मोजले होते ते सगळे आपल्या बाजूचे. बायकोलाही बाजू असते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गुणाबाईने रुखमाबाईंच्या गळ्यात हात टाकला, आणि तोच तिची नजर शेजारी टोपी धरून उभ्या असलेल्या मयतावर गेली. ती किंचाळली. वारलूभाऊंनी रामराम घातला.

"हे तर जित्ते हायेत!"

"जित्ते हायेत न! मी तेच सांगून राह्यलो!" वारलूभाऊ म्हणाले, पण त्यांचं कोण ऐकणार? माइकवर सांगितलं होतं ना. मांडवातले लोक हळहळत होते. दोन माणसं म्हणत होती, दुःखाच्या घरची बाई आहे, हिला कोणीतरी घरी पोचवा. कंपनीचा मालक पडद्यातून डोकं काढून विचारत होता, नाटक करायचं की नाही? नाटक पुढे ढकलावं असंही कोणीतरी बोललं.

ते शब्द रुखमाबाईंनी ऐकले. त्यांनी टसरचा पदर खांद्यावर घेतला आणि त्या तरातरा स्टेजवर चढल्या. गुरुजींनी आदराने माइक पुढे केला.

"गुरुजी," रुखमाबाई म्हणाल्या, "ते वारले नाई. त्याईचं नाव..." आणि थांबल्या.

  वारलूभाऊंना अडचण बरोबर कळली. चाळीस वर्षांत रुखमाबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदानाच्या रांगेत, "नवऱ्याचं नाव?" विचारलं की त्या शेजारच्या बाईला कोपरखळी मारत, आणि ती बाई सांगे. घरी ते "अजी" होते आणि गावात "निकेशचे बाबा". आणि आता तर नाव घेतल्याशिवाय माणूस जिवंत होत नव्हता.

"नाव काय त्यांचं?" गुरुजींनी हळूच विचारलं.

रुखमाबाईंनी एकदा खाली पहिल्या लाइनीकडे पाहिलं. एक खुर्ची रिकामी होती, ती त्यांची. मग त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"मोहाच्या झाडाखाली पडला मोहाचा सडा,
वारलूराव जित्ते हायेत, पडदा लवकर उघडा!"

 सगळा मांडव उसळला. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या. "वन्स मोअर!" मागच्या पोरांनी ओरडा केला. ऑर्गनवाल्याने आपल्या मनाने एक सूर दिला. गुरुजींनी दोन्ही हातांनी कान धरले आणि माइकवर म्हणाले, "वारलू! लू! लोकहो, माझी चूक झाली. आमच्याकडं हे नाव नसतं हो." वारलूभाऊंना लोकांनी खांद्याला धरून मागे वळवलं, म्हणजे सगळ्यांना ते जिवंत दिसावेत. त्यांनी टोपी हलवली. कुणाचं लग्न ठरलं तरी इतकं कौतुक होत नाही.

गुरुजी माफी मागायला खाली आले तेव्हा वारलूभाऊ म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी. मेलो तर मेलो. पण चाळिशीत मेलो असं सांगितलं तुम्ही, हे बरं केलं."

राहता राहिली गुणाबाई. ती रुखमाबाईंचा हात सोडेना. "आता घरी चाल. माया गावात येऊन उपाशी बसशील? घर पाहुण्यानं भरलं हाय, सारे भेटतीन."

"डबा आणला हाय मी."

"पाहुणी येऊन डबा खाते का कोणी?"

"गुणे," रुखमाबाई खुर्चीच्या दोन्ही हातांना धरून म्हणाल्या, "आज मी कोणाची पाहुणी नाई. मी पब्लिक हाय."

गुणाबाई तोंडाला पदर लावून गेली. नांदी झाली, पडदा उघडला.

रुखमाबाईंनी नाटक पाहिलं ते माणूस पेरणी पाहतो तसं. पहिल्या अंकात दुष्ट जावेने पेटत्या चुलीत पाणी ओतलं आणि आळ गरीब धाकटीवर घातला, तेव्हा रुखमाबाई पुढे सरकून बसल्या. मधल्या अंकात धाकटीला घराबाहेर काढलं, तेव्हा त्यांनी वारलूभाऊंचा हात असा दाबला की त्यांना वाटलं, घराबाहेर आपणच काढलंय. मधल्या अंकात एवढं काही घडतं, हे त्यांना नवीन होतं. "एवढं होते जी मधात?" त्या दर थोड्या वेळाने विचारत. वारलूभाऊ नाटक पाहतच नव्हते. ते बायकोकडे पाहत होते आणि मधूनमधून वळून मागच्या लोकांकडे, की तेही तिच्याकडे पाहताहेत ना.

शेवटच्या अंकाआधी पडदा पडला. कोर्ट बसणार होतं. तेवढ्यात गुणाबाई आली. या वेळी तिच्या डोळ्यांत रडं नव्हतं, धूर होता.

"रुखमे, तू पब्लिक हायेस, मले मालूम हाय," ती म्हणाली. "पण पाहुणे उठले, चहा मांगून राह्यले. सुनेले ताप चढला. चहाचं मोठं गंज मले एकटीले उतरत नाई वं."

 रुखमाबाईंच्या तोंडाआधी त्यांचे पाय बोलले. ते खुर्चीखालून चपला शोधू लागले. हातांनी पदर कमरेकडे ओढला. त्या अर्ध्या उठल्या होत्या, आणि त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं. तिकडे पडद्यामागे घंटा वाजली.

वारलूभाऊंनी त्यांचा खांदा धरून त्यांना खाली बसवलं.

"मी येतो," ते गुणाबाईला म्हणाले.

"तुम्ही? चहा कराले?"

"काऊन? मेलेल्या माणसाले जमत नाई का?"

"अजी," रुखमाबाई म्हणाल्या, "तुमचा शेवटचा अंक जाईल न."

"मी लय पाह्यले शेवटचे अंक. पोलीसच येते. तू पाह्य."

गुणाबाईच्या स्वयंपाकघरात पाच-सहा बायका होत्या. पुरुष आत आलेला पाहून त्यांनी पदर सावरले. आणि हाच तो वारलेला, हे कळल्यावर सोडले. चहाचं ते भलंमोठं पातेलं उतरवणं वारलूभाऊंना जमलं. चूल फुंकणं जमेना. ते फुंकत होते आणि राख त्यांच्या मिशीवर येत होती.

"हळू फुका भाऊ, बैल हाकून राह्यले का?"

"साखर किती टाकू?"

"माणूस पाहून टाका!"

"सारेच पाहुणे दिसून राह्यले मले."

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "चूप वं, कोर्ट बसलं."

आणि तेव्हा वारलूभाऊंना ऐकू आलं. मांडवाचा भोंगा खांबावर होता, आणि त्याचं तोंड बरोबर या घराकडे होतं. एकूण एक शब्द येत होता. बायका हात चालवत, नजर चुलीवर ठेवून, ऐकत होत्या. कोण कधी रडणार, कोण कधी येणार हे त्यांना आवाजावरून कळत होतं. चेहरा मात्र एकीनेही पाहिला नव्हता. वारलूभाऊंचं फुंकणं थांबलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, की भोंगा घरातही ऐकू जातो, कामाच्या गडबडीत तुटक-तुटक का होईना.

भोंग्यातून दुष्ट जाऊ शपथ घेत होती. "न्यायाधीश महाराज! देवाशपथ सांगते, चूल मी नाही विझवली! कुणी पाहिलंय का मला? आहे का कोणी साक्षीदार?"

संवाद इथे संपायचा, पण तो संपायच्या आत माइकपासून जरा दूरचा, पण खणखणीत, एक बाईचा आवाज आला.

"हाय न साक्षीदार! मी पाह्यलं! पहिल्या अंकात तूच पाणी ओतलं, न धाकटी तवा विहिरीवर होती! साऱ्या पब्लिकनं पाह्यलं!"

मांडवात हशाचा फुगा फुटला. दुष्ट जाऊही हसली असावी, कारण तिचं पुढचं वाक्य यायला वेळ लागला. मग न्यायाधीशाचा आवाज आला, नाटकात नसलेल्या वाक्यासह: "पहिल्या रांगेतल्या साक्षीदाराची साक्ष कोर्टाने लिहून घेतली आहे."

चुलीपाशी बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. "कोण वं हे?"

वारलूभाऊ उठून उभे राहिले. मिशीला राख, डोळ्यांना पाणी. त्यातलं धुराचं किती हे सांगणं कठीण.

"माही बायको हाय ते," ते म्हणाले. "पहिल्या लाइनीत बसली हाय. पहिल्या अंकापासून."

बायकांचे कान भोंग्याकडेच होते, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. "रुखमाबाई नाव हाय. माही बायको हाय ते."

"समजलं जी भाऊ," गुणाबाई म्हणाली. "आता चूप बसा न थोडे, ऐकू द्या. जावेले काऊन पकडून राह्यले ते समजू द्या."